खनिजाला जागा नेमून देणारी प्रथिने

आपल्या रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात कॅल्शियम व फॉस्फेट इतके असते, की हाडादातांमधल्या खनिजाचा एखादा बारीक स्फटिक तिथे आधीच असला तर तो विरघळणार नाही, उलट वाढत जाईल. तरीही निरोगी माणसाची कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या मऊ राहतात. दात आणि हाडे तेवढी कठीण होतात. कॅल्शियमचा आणि फॉस्फेटचा द्राव प्रयोगशाळेत एकत्र ओतला की पांढरा साका खाली बसतोच. खनिज बनणे ही अवघड गोष्ट नाही. ते ठरलेल्या जागी बनावे, ठरलेल्या वेळी बनावे आणि तिथून काही मायक्रोमीटरवर असलेल्या जिवंत पेशीला त्याने गाडून टाकू नये, हे अवघड आहे. डेंटिन घडवणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास हा या अवघड गोष्टीचा अभ्यास आहे. या ग्रंथात प्रकरणागणिक प्रथिनांची नावे बदलतील, प्रयोगांच्या रीती बदलतील. प्रश्न हाच राहील.

दाताबद्दल बोलताना एनॅमलचे कौतुक फार होते आणि ते रास्तही आहे, कारण शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही. पण दाताचा आकार, त्याचे वस्तुमान आणि घास चावताना पडणारा भार सोसण्याची ताकद बहुतांशी डेंटिनची असते. एनॅमलमध्ये वजनाने ९६ टक्के खनिज असते. डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के, सेंद्रिय द्रव्य २० टक्के आणि उरलेले १० टक्के पाणी. हे २० टक्के आमच्या अभ्यासाचे क्षेत्र. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येता नाहीशा होतात, म्हणून झिजलेले एनॅमल शरीर पुन्हा घडवत नाही. डेंटिन घडवणाऱ्या पेशी मात्र दातातला गर, म्हणजे पल्प, जिवंत असेपर्यंत त्याच्या कडेने उभ्या असतात आणि हळूहळू का होईना, काम करत राहतात. हस्तिदंत म्हणून ज्याची कोरीव कामे आपण संग्रहालयांत पाहतो तेही जवळजवळ सगळे डेंटिनच आहे.

या पेशीचे नाव ओडोंटोब्लास्ट. गर्भावस्थेत मज्जासंस्थेच्या कडेवरून निघून चेहऱ्याकडे सरकणाऱ्या पेशींची ती वंशज आहे. दात बनताना ओडोंटोब्लास्ट एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात आणि आपल्या पुढ्यात प्रथिनांचा थर टाकत मागे सरतात. मागे सरताना प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू त्या थरात राहून जातो, आणि त्याच्याभोवती जी पोकळी उरते तिला आपण डेंटिनची नलिका म्हणतो. पल्पजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा चाळीसएक हजार किंवा त्याहून अधिक नलिका मोजता येतात. दात घडण्याच्या काळात माणसात रोज सुमारे ४ मायक्रोमीटर डेंटिन पडते. पण टाकल्या टाकल्या तो थर कठीण होत नाही. पेशी आणि खनिज यांच्यामध्ये नेहमी एक मऊ पट्टा राखलेला असतो, साधारण १० ते ४० मायक्रोमीटर रुंदीचा. त्याला प्रीडेंटिन म्हणतात. पेशी मागे सरते तसा हा पट्टाही सरतो, त्याची रुंदी फारशी बदलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रीडेंटिन आणि डेंटिन यांच्यातली सीमा इतकी स्पष्ट दिसते की पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थीही ती बोटाने दाखवू शकतो. या सीमेला खनिजाची आघाडी म्हणतात. अलीकडे मऊ, पलीकडे कठीण. आमचे सगळे क्षेत्र या एका रेषेभोवती उभे आहे.

हा ग्रंथ वाचणारे दोन दिशांनी येतील, असे मी धरून चाललो आहे. एक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दुसरे जीवरसायनशास्त्राचे. बीडीएसच्या पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्र शिकवतात ते कर्बोदके, मेद, यकृत, मधुमेह यांच्या अंगाने. आणि डेंटिन शिकवतात मुखाच्या ऊतिशास्त्राच्या तासाला, रेखाचित्रे काढून घेत. या दोन तासांची गाठ पडत नाही, आणि पुढे आयुष्यभर ज्या पदार्थात ड्रिल फिरवायचे तो कोणत्या रेणूंचा बनला आहे हे विद्यार्थ्याला कळायचे राहून जाते. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी दाताकडे वळतच नाही. त्याला तो दवाखान्याचा विषय वाटतो. मला या दोघांबद्दल मनापासून वाटते की त्यांचे नुकसान होते आहे. प्रथिनांचे रसायन शिकायला डेंटिनसारखी जागा थोडी आहे. पेशी एका बाजूला, खनिज दुसऱ्या बाजूला, मध्ये काही मायक्रोमीटरची उघडी जागा, आणि जे काही घडते ते त्या जागेत, कालक्रमाने थरावर थर मांडलेले.

प्रथिनांची सुरुवात कोलॅजनपासून केली आहे, कारण सेंद्रिय भागातले सुमारे ९० टक्के तेच आहे. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पेडांचा दोर: दोन पेड सारखे, एक निराळा. प्रत्येक पेडात हजाराच्या घरात अमिनो आम्ले असतात आणि दर तिसरी जागा ग्लायसीनची, कारण दोराच्या आतल्या अंगाला त्याहून मोठे काही मावत नाही. ही रचना पहिल्यांदा मांडली ती मद्रास विद्यापीठात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी, १९५४ साली. स्वातंत्र्याला उणीपुरी सात वर्षे झालेल्या देशातल्या एका नव्या प्रयोगशाळेतून जगाच्या प्रथिनशास्त्रात हा पाया घातला गेला. आपल्याकडच्या दंतवैद्यकाच्या वर्गांत कोलॅजन शिकवताना हे आवर्जून सांगितले जावे.

हे रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचे असतात आणि एकमेकांशेजारी थोडे थोडे सरकवून रचले जातात. सरकण्याचे माप ६७ नॅनोमीटर. लांबी आणि हे माप यांचा पूर्ण भाग जात नसल्यामुळे एका रेणूचे टोक आणि पुढच्याची सुरुवात यांत सुमारे ४० नॅनोमीटरची मोकळी जागा उरते. या मोकळ्या जागा तंतूत शेजारी शेजारी येतात, आणि खनिजाचे पहिले पातळ पत्रे तिथे दिसतात. म्हणजे खनिजाची खोली कोलॅजनच्या मापातच आखलेली आहे. मात्र कोलॅजन कातडीतही असते आणि स्नायूंच्या कंडरांतही, आणि तिथे खनिज येत नाही. खोली असणे पुरेसे नाही. क जीवनसत्त्व मिळाले नाही तर कोलॅजनवर हायड्रॉक्सिल गट बसत नाहीत, दोर नीट वळला जात नाही आणि डेंटिनचे काम बिघडते. स्कर्व्हीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गिनीपिगच्या दातांत हे पाहिले होते. कोलॅजनचे प्रकरण लहान आहे. त्याची रसायनशास्त्रीय बाजू आता पुष्कळशी ठाऊक झाली आहे.

खरी गोष्ट सुरू होते उरलेल्या दहा टक्क्यांत.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आर्थर वाइस कोलॅजनवर काम करत होते. कातडीतले कोलॅजन सौम्य आम्लात फुगते, काही अंशी विरघळते. डेंटिनमधले खनिज काढून टाकल्यावर उरलेले कोलॅजन तसे वागेना. त्यात फॉस्फरस सापडला, आणि तो धुऊन जाईना. खनिज पूर्ण काढले आहे, मग हा फॉस्फरस कसला? १९६०च्या दशकात या धाग्याने वाइस आणि त्यांचे सहकारी डेंटिनच्या फॉस्फोप्रथिनापर्यंत पोहोचले. पुढे त्याला फॉस्फोफोरिन हे नाव मिळाले. त्याचे घटक वाचून अजूनही आश्चर्य वाटते. सामान्य प्रथिनात वीस प्रकारची अमिनो आम्ले कमीअधिक मिसळलेली असतात. इथे सेरीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या दोघांनीच तीन चतुर्थांशाहून अधिक जागा व्यापलेली, आणि त्या सेरीनांपैकी बहुतेकांवर फॉस्फेट बसवलेले. अ‍ॅस्पार्टिक आम्ल, सेरीन, सेरीन. पुन्हा अ‍ॅस्पार्टिक आम्ल, सेरीन, सेरीन. ही तीन अक्षरे शेकडो वेळा. परिणामी या रेणूवर ऋण भाराची इतकी दाटी होते की त्याचा समविद्युत बिंदू एकच्या आसपास येतो. निसर्गात सापडलेल्या सर्वाधिक आम्लधर्मी प्रथिनांत त्याची गणना होते.

नव्याने प्रयोगशाळेत येणाऱ्याला याची ओळख बहुधा अडचणीतून होते. जेलवर प्रथिने वेगळी करून नेहमीचा निळा कूमासी रंग दिला तर फॉस्फोफोरिनचा पट्टा उमटतच नाही, कारण तो रंग धरायला लागणारे धन भाराचे गट या रेणूत जवळपास नाहीत. विद्यार्थ्याला वाटते, नमुना वाया गेला. मग 'स्टेन्स-ऑल' नावाचा रंग वापरावा लागतो. त्यात हे प्रथिन गडद निळे दिसते. वेगळे करण्याची रीतही त्याच्या स्वभावावर बेतलेली आहे. दाताची पूड करून ईडीटीएने खनिज उतरवायचे, द्रावात आलेल्या प्रथिनांत कॅल्शियम क्लोराइड घालायचे, की फॉस्फोफोरिन कॅल्शियमला धरून खाली बसते. कॅल्शियमची ओढ हाच त्याचा गुणधर्म आणि तोच त्याला पकडण्याचा मार्ग.

फॉस्फोफोरिन आघाडीवर नेमके कधी पोहोचते, याचा सुंदर पुरावा मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वाइनस्टॉक आणि लब्लाँ यांनी १९७३ साली दिला. उंदराचा पटाशीचा दात आयुष्यभर वाढत असतो, म्हणून हे सगळे प्रयोग त्याच दातावर होतात. कोलॅजनमध्ये भरपूर असणारे प्रोलीन किरणोत्सारी करून टोचले, तर ती खूण आधी प्रीडेंटिनमध्ये पसरते आणि नंतर, थर पुढे सरकल्यावर, डेंटिनमध्ये दिसते. सेरीन किंवा फॉस्फेट किरणोत्सारी करून टोचले तर खुणेचा काही भाग प्रीडेंटिनमध्ये न रेंगाळता काही तासांतच थेट खनिजाच्या आघाडीवर जाऊन बसतो. एकच पेशी दोन प्रथिने दोन पत्त्यांवर धाडते: कोलॅजन जवळच्या पत्त्यावर, फॉस्फोप्रथिन दूरच्या पत्त्यावर, बहुधा नलिकेतल्या तंतूच्या वाटेने. या क्षेत्रातला एकच शोधनिबंध वाचायचा असेल तर मी हा सुचवीन. त्यातल्या छायाचित्रांवरचे काळे ठिपके बघताना पेशीचा हेतू डोळ्यांना दिसावा तसे वाटते.

मग फॉस्फोफोरिन खनिज बनवते की अडवते? या प्रश्नावर बरीच वर्षे प्रयोग झाले, आणि उत्तर दोन्ही बाजूंनी येत राहिले. ते एखाद्या पृष्ठभागाला बांधलेले असेल तर त्यावर स्फटिक सुरू होतात. तेच प्रथिन द्रावात मोकळे, जास्त प्रमाणात सोडले तर स्फटिकांच्या अंगाला चिकटून त्यांची वाढ थोपवते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडेल बॉस्की यांनी प्रमाण बदलत बदलत हे दुहेरी वागणे पुन्हा पुन्हा मोजले. वाचकाने इथे घाई करू नये. 'हे प्रथिन काय करते' असा प्रश्न विचारायची आपली सवय आहे; डेंटिनमध्ये 'हे प्रथिन कुठे, किती, कशाला बांधलेले आणि किती फॉस्फेट अंगावर घेतलेले असताना काय करते' असे विचारावे लागते. या ग्रंथाने वाचकाला एवढी एक सवय लावली, तरी त्याचे काम पुष्कळसे झाले असे मी मानीन.

डेंटिनमधले दुसरे नामवंत प्रथिन डेंटिन सियालोप्रोटीन, थोडक्यात डीएसपी. ते अमेरिकेत विल्यम बटलर यांच्या गटाने १९८१ साली वेगळे केले. त्यावर फॉस्फेट फार थोडे, शर्करांची साखळी भरपूर, सियालिक आम्लही पुष्कळ. स्वभाव फॉस्फोफोरिनहून सर्वस्वी वेगळा, म्हणून दोन्हींची जनुके वेगळी असणार असेच सगळे धरून चालले होते. १९९७ साली मेरी मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही दोन्ही प्रथिने एकाच जनुकातून, एकाच लांब प्रथिनाच्या दोन टोकांतून येतात. जनुक मानवात चौथ्या गुणसूत्रावर आहे, नाव डीएसपीपी. पेशी आधी अखंड प्रथिन बनवते आणि मग विशिष्ट ठिकाणी ते तोडले जाते. तोडणारे विकर बीएमपी-१ च्या कुळातले, तेच कोलॅजनचीही जादा टोके छाटते. म्हणजे तंतू जुळायला तयार होणे आणि खनिजाला जागा देणारे प्रथिन मोकळे होणे, ही दोन्ही कामे एकाच कुळातल्या कात्रीकडे आहेत. यात एक गाठ अजून सुटलेली नाही. एका रेणूतून दोन तुकडे निघाले तर दोन्ही सारख्या संख्येने सापडायला हवेत, पण उंदराच्या डेंटिनमध्ये फॉस्फोफोरिन डीएसपीच्या कितीतरी पट मिळते. राहिलेले डीएसपी जाते कुठे, आणि मुळात ते करते काय, यावर आजही एकमत नाही.

या डीएसपीच्या कथेत एक नाव आपल्या ओळखीच्या वाटेवरून आलेले आहे. मुंबई विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या रीना डिसोझा यांनी ह्यूस्टनला बटलर यांच्याबरोबर दात घडत असताना डीएसपी कोणत्या पेशींत आणि कधी उमटते याचा माग काढला. पुढे अशोक कुलकर्णी यांच्या गटाने २००३ मध्ये डीएसपीपी जनुक नसलेले उंदीर तयार केले, त्या कामातही त्या होत्या. त्या उंदरांच्या दातांत प्रीडेंटिनचा पट्टा रुंद झालेला होता आणि खनिज एकसंध न पसरता तुटक गोळ्यांत साचले होते. आघाडी होती, पण रेष राहिली नव्हती. २०२० साली डिसोझा अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत व मुख-कवटी संशोधन संस्थेच्या संचालक झाल्या.

फॉस्फोफोरिनच्या सेरीनांवर ही फॉस्फेटे बसवतो कोण, हा प्रश्न दुधाच्या प्रथिनापासून, म्हणजे केसीनपासून सुरू झाला. केसीनमध्ये फॉस्फरस असतो हे एकोणिसाव्या शतकातच समजले होते; तो बसवणारे विकर मात्र २०१२ सालापर्यंत नेमके सापडले नव्हते. सॅन दिएगोला जॅक डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट टॅग्लियाब्राची यांनी ते ओळखले: फॅम-२०-सी. गंमत अशी की हेच प्रथिन डेंटिनच्या अभ्यासकांना आधीपासून माहीत होते. अ‍ॅन जॉर्ज यांच्या गटाने २००७ साली ओडोंटोब्लास्टमध्ये ते पाहून डेंटिन मॅट्रिक्स प्रोटीन ४ असे त्याचे नाव ठेवले होते. हे विकर ज्या सेरीनच्या दोन जागा पुढे आम्लधर्मी ग्लुटामिक आम्ल किंवा आधीच फॉस्फेट बसलेले सेरीन आहे, ते सेरीन निवडते. फॉस्फोफोरिनच्या शेकडो पुनरावृत्तींत हा नियम लावून पाहावा. एका सेरीनवरचे फॉस्फेट दुसऱ्याची वाट मोकळी करत जाताना दिसेल. या विकराचे जनुक बिघडले तर रेन सिंड्रोम नावाचा, हाडे अतोनात घट्ट करणारा आणि बहुधा अर्भकावस्थेतच जीव घेणारा आजार होतो.

दूध आणि दात यांचे नाते इथेच संपत नाही. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात काझुहिको कावासाकी आणि केनेथ वाइस यांनी २००३ साली दाखवले की डेंटिनची ही आम्लधर्मी प्रथिने, एनॅमलची प्रथिने, दुधातली केसीने आणि लाळेतली काही प्रथिने एकाच पूर्वज जनुकाच्या प्रतींतून निपजली आहेत. (वर आलेले आर्थर वाइस आणि हे केनेथ वाइस वेगळे.) त्यांतली बरीचशी जनुके मानवात आजही चौथ्या गुणसूत्रावर जवळजवळ नांदतात. मला या शोधाइतके समाधान क्वचितच कशाने मिळाले आहे, कारण तो मूळ प्रश्नाला भिडतो. केसीन कॅल्शियम-फॉस्फेटला सूक्ष्म गुच्छांत धरून ठेवते, म्हणून आईच्या स्तनात इतके कॅल्शियम असूनही तिथे खडा बनत नाही आणि बाळाला मात्र ते मिळते. लाळेतले स्टॅथेरिन कॅल्शियम-फॉस्फेटला तोंडात साक्याच्या रूपात बसू देत नाही. फॉस्फोफोरिन त्याच्या खास जागी बसून स्फटिकांना सुरुवात करून देते. एका घराण्याने खनिजाची व्यवस्था पाहण्याचे काम घेतले, आणि त्याच्या शाखांनी ते ठिकठिकाणी वेगवेगळ्या अर्थाने केले: एके ठिकाणी थोपवायचे, दुसरीकडे सुरू करायचे.

याच घराण्यातल्या पाच प्रथिनांचा एक जवळचा गट आहे, त्याला सिब्लिंग म्हणतात: डीएसपीपी, डीएमपी-१, बोन सियालोप्रोटीन, ऑस्टिओपॉन्टिन आणि मेपे. त्यांपैकी डीएमपी-१, म्हणजे डेंटिन मॅट्रिक्स प्रोटीन १, अ‍ॅन जॉर्ज, वाइस आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उंदराच्या दाताच्या जनुकसंग्रहातून शोधले आणि डेंटिनचे म्हणून त्याचे नाव ठेवले. दहा वर्षांनी जॉर्ज यांच्याच गटाने दाखवले की त्याचे रेणू एकत्र जुळून हाडादातांमधल्या खनिजाचे, म्हणजे अ‍ॅपटाइटचे स्फटिक सुरू करू शकतात. पण २००६ साली एका वंशागत मुडदूस रोगाच्या मुळाशी डीएमपी-१ चे बिघडलेले जनुक निघाले. त्या रुग्णांत एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढते, मूत्रपिंडे फॉस्फेट बाहेर टाकत राहतात आणि हाडे मऊ होतात. दाताच्या नावाचे प्रथिन हाडाच्या पेशींत बसून सगळ्या शरीराचा फॉस्फेटचा हिशेब सांभाळते, हे कळल्यावर या क्षेत्राला दंतवैद्यकाच्या चार भिंतींत ठेवणे शक्य राहिले नाही.

आता रुग्णांकडे. डेंटिनोजेनेसिस इम्परफेक्टा या आनुवंशिक विकारात दात करडे-निळसर किंवा अंबराच्या रंगाचे, काहीसे पारभासक दिसतात. एनॅमल बहुतेकदा ठीक असते, पण खालचे डेंटिन त्याला आधार देत नाही. एनॅमल टवके उडून जाते आणि उघडे डेंटिन भराभर झिजते. क्ष-किरणात पल्पची पोकळी अनेकदा भरून गेलेली दिसते. सहा ते आठ हजारांत एक असा त्याचा अंदाज पाठ्यपुस्तकांत दिला जातो. चीनमधल्या दोन गटांनी २००१ मध्ये या विकाराच्या कुटुंबांत डीएसपीपीतले बदल शोधले; त्यांतल्या काही कुटुंबांत ऐकूही कमी येत होते.

यापुढचा भाग मी वाचकाला संथपणे वाचायला सांगेन. फॉस्फोफोरिनचा सगळा पुनरावृत्तीचा पट्टा जनुकाच्या शेवटच्या खंडात आहे. तिथे डीएनएचे एक अक्षर गळले तर वाचनाची चौकट एका घराने सरकते, आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल-सेरीन-सेरीन या पाण्यात रमणाऱ्या, भाराने ओथंबलेल्या साखळीच्या जागी अ‍ॅलनीन, व्हॅलीन यांसारख्या पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांची लांबलचक साखळी तयार होते. अमेरिकेत लॅरी फिशर आणि सहकाऱ्यांनी असे अनेक बदल रुग्णांत मोजले. हे बदललेले प्रथिन पेशीच्या आतल्या जाळ्यात अडकते, आणि दुसऱ्या, निरोगी प्रतीतून आलेल्या चांगल्या प्रथिनालाही बाहेर पडू देत नाही. दोनपैकी एक प्रत चांगली असूनही विकार का होतो, याचे उत्तर त्यात आहे. तोच पट्टा इतका पुनरावृत्त आहे की त्याचा क्रम नेमका वाचणे बराच काळ अशक्यप्राय होते, आणि निरोगी माणसांतही त्याची लांबी एकसारखी नसते. ज्या गुणामुळे हे प्रथिन आपले काम करते, तोच गुण त्याच्या जनुकाला नाजूक करतो.

दवाखान्यात बसणाऱ्या वाचकासाठी शेवटची प्रकरणे आहेत. दात भरण्याआधी फॉस्फोरिक आम्लाने डेंटिनचा वरचा थर खनिजमुक्त करतात तेव्हा कोलॅजनचे तंतू उघडे पडतात. हवेने फार सुकवले तर ते चपटून बसतात आणि चिकटवणारे राळेसारखे द्रव्य आत शिरत नाही. नीट शिरले तर राळ आणि कोलॅजन मिळून एक संकर थर तयार होतो. जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये त्याचे वर्णन केले. मात्र डेंटिनमध्ये कोलॅजन तोडणारी विकरे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, दात घडतानाच बंदिस्त होऊन राहिलेली असतात. आम्लाने ती जागी होतात आणि राळेने न वेढलेल्या तंतूंना वर्षानुवर्षे कुरतडत राहतात. किडीतही हेच घडते: जिवाणूंचे आम्ल खनिज उतरवते, पण उरलेली कोलॅजनची चौकट मोडण्यात आपल्याच दातातली विकरे हातभार लावतात. म्हणून हल्ली कीड खरवडताना 'किती मऊ' एवढेच न बघता तंतूंची चौकट शाबूत आहे का, याचा विचार होतो. ज्यांना हे वाचून आपला हात थोडा थांबवावासा वाटेल, त्यांच्यासाठी ते प्रकरण मी मुद्दाम विस्ताराने मागवले.

डेंटिनमध्ये विकरांबरोबर वाढीचे संदेशही कोंडलेले असतात. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिज उतरवलेले हाड स्नायूत ठेवले आणि तिथे नवे हाड उगवले. पुढे खनिज उतरवलेल्या डेंटिननेही तेच केले. आज आपण जाणतो की त्यात बीएमपी आणि टीजीएफ-बीटा कुळातली प्रथिने आहेत. पल्पजवळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावण्याची पद्धत शंभर वर्षांच्या घरात पोहोचली आहे. ते द्रव्य आसपासच्या डेंटिनमधून अशी प्रथिने थोडी थोडी सोडवते आणि खालच्या पेशी त्याला उत्तर म्हणून नवे डेंटिन टाकतात. १९९०च्या दशकात आलेले एमटीए हे सिमेंटही याच वाटेने काम करते. अपघाताने किंवा किडीने ओडोंटोब्लास्ट मेल्या तर पल्पमधल्या मूळ पेशी त्यांची जागा घेऊ शकतात, पण त्यांनी घातलेला थर पुष्कळदा नलिका नसलेला, वेडावाकडा असतो. तो मूळ डेंटिनसारखा सरळ का होत नाही, हा प्रश्न पुनर्जनन उपचारांच्या केंद्रस्थानी आहे आणि प्रीडेंटिनच्या त्या सरळ रेषेकडेच परत नेणारा आहे.

वाचण्याचा क्रम वाचकाने आपल्या तयारीप्रमाणे ठरवावा. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने ऊतिशास्त्राचे प्रकरण सोडून द्यावे आणि थेट कोलॅजनपासून सुरू करावे. फॉस्फोफोरिनच्या प्रकरणातले भाराचे गणित कठीण वाटले तर पहिल्या वाचनात ते ओलांडले तरी चालेल, पण विकारांच्या प्रकरणाआधी त्याकडे परत यावे. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी एखाद्या दंत महाविद्यालयाच्या ऊतिशास्त्र विभागात जाऊन दाताची रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली बघावी. बहुतेक ठिकाणी विचारले तर दाखवतात. प्रीडेंटिनची फिकट पट्टी आणि तिच्या पलीकडचे गडद डेंटिन बघितल्यावर डीएसपीपी, डीएमपी-१, फॅम-२०-सी ही नावे पाठ करावी लागत नाहीत. आनुवंशिक विकारांवर काम करू इच्छिणाऱ्याने चौकट सरकण्याच्या उदाहरणांत दिलेले क्रम कागदावर स्वतः लिहून, एक अक्षर खोडून, पुढची अमिनो आम्ले काढून पाहावीत. त्यासाठी परिशिष्टात मोकळी जागा सोडलेली आहे.